‘सेड्रिक’ : एका कल्पित नावाची वंशावळ

व्यक्तिनामांचा अभ्यास बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. नाव कोणत्या धातूपासून निघाले, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत शिरले, एवढे सांगितले की कोशकाराचे काम झाले असे समजले जाते. परंतु काही नावांची व्युत्पत्ती पूर्ण उलगडली तरी त्यांचा इतिहास अस्पर्शितच राहतो. कारण ती लोकव्यवहारातून वाङ्मयात आलेली नसून वाङ्मयातून लोकव्यवहारात उतरलेली असतात. इंग्रजीत स्विफ्टने रचलेले ‘व्हॅनेसा’ हे स्त्रीनाम या जातीचे आहे. पुरुषनामांत अशी उदाहरणे विरळ. त्यांत ‘सेड्रिक’ हे सर्वांत बोधप्रद म्हणावे लागेल. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’पूर्वी हे नाव इंग्लंडात प्रचारात नव्हते. ही कादंबरी १८१९च्या डिसेंबरात बाहेर पडली. मुखपृष्ठावर मात्र १८२० हे साल आहे.

कादंबरीत हे नाव प्रथम ज्या ठिकाणी येते ते ठिकाण लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्याच प्रकरणात डुकरे राखणारा गर्थ वाचकांसमोर येतो. त्याच्या गळ्यात कायमचे सांधून टाकलेले पितळेचे कडे आहे आणि हा गर्थ रॉदरवुडच्या सेड्रिकचा जन्मजात दास असल्याचे त्यावर सॅक्सन लिपीत कोरलेले आहे. सेड्रिक ही व्यक्ती कथेत अवतरण्यापूर्वी तिचे नाव असे धातूवर, आणि तेही सॅक्सन अक्षरांत, वाचकास भेटते. हे नाव अस्सल सॅक्सन आहे अशी साक्ष जणू त्या कड्यानेच द्यावी, अशी ही योजना आहे. ही साक्ष खोटी आहे. आणि ती एका नव्हे, तीन प्रकारांनी खोटी आहे.

पहिला प्रकार सर्वश्रुत आहे. अँग्लो-सॅक्सन काळाच्या कागदपत्रांत ‘सेड्रिक’ आढळत नाही. आढळतो तो ‘सेर्डिक’. अँग्लो-सॅक्सन बखरीप्रमाणे ४९५ साली हा सेर्डिक आपला पुत्र किन्रिक याच्यासह पाच नौका घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला. वेसेक्सचे राजघराणे त्याला आपला मूळपुरुष मानी, आणि आल्फ्रेड राजाची वंशावळही त्याच्यापर्यंत नेऊन भिडविलेली आहे. ‘सेर्डिक’मधील रेफ पुढे सरकून ‘सेड्रिक’ झाले, हे नामकोशकारांचे सामान्य मत. आपल्याकडे ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तसा हा वर्णविपर्यय आहे, आणि इंग्रजीलाही तो अपरिचित नाही. पक्षी या अर्थाचा ‘बर्ड’ हा शब्द मूळच्या ‘ब्रिड’पासूनच आला. परंतु ‘बर्ड’ लोकांच्या जिभेवर घडला, ‘सेड्रिक’ एका लेखकाच्या कागदावर. काहींनी ‘केद्रिख’ या वेल्श नावाकडेही बोट दाखविले आहे. तथापि सॅक्सन सरदाराचे नाव शोधताना स्कॉटसारखा बखरींचा व्यासंगी सेर्डिकला ओलांडून वेल्समध्ये गेला असेल, हे संभवनीय वाटत नाही.

दुसरा प्रकार अधिक गमतीचा आहे. सॅक्सन राजवंशाचा हा मूळपुरुष जे नाव धारण करतो ते मुळात सॅक्सन नाहीच. बहुतेक विद्वान ते ‘कराटिकोस’ या प्राचीन ब्रिटानी, म्हणजे केल्टिक, नावाचे रूप मानतात. पहिल्या शतकात रोमनांशी झुंजलेला कराटाकुस याच कुळातल्या नावाचा, आणि वेल्समधील केरेडिगिऑन हा प्रांतही केरेडिग या नावावरून ओळखला जातो. इतकेच नव्हे, तर ७३१मध्ये पूर्ण झालेल्या बीडच्या धर्मेतिहासात ‘सेर्डिक’ नावाचा जो राजा येतो तो सॅक्सन नसून ब्रिटन जमातीचा आहे. ज्यांना हुसकावून सॅक्सनांनी राज्ये स्थापिली, त्याच लोकांचे नाव त्यांच्या आद्य राजाने धारण केलेले दिसते. रक्तशुद्धीचा हट्ट धरणारा, राजवंशीय सॅक्सन नसलेल्या पाहुण्याच्या स्वागतासाठी आपल्या दालनातील चौथऱ्यापासून तीन पावलांपलीकडे न जाण्याची शपथ वाहिलेला स्कॉटचा सेड्रिक परक्यांचे नाव मिरवीत बसला आहे!

तिसऱ्या प्रकाराकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो लिपीचा नसून उच्चाराचा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘स’ असा होत नसे. स्थानपरत्वे तो ‘क’ किंवा ‘च’ होई. वेसेक्सचा राजा आपल्या लोकांत ‘चेर्डिच’ या किंवा याच्या जवळच्या उच्चाराने ओळखला जात असला पाहिजे. ‘ए’च्या मागे आलेल्या ‘सी’चा ‘स’ करावयाचा, ही फ्रेंच लेखनपद्धतीची रीत आहे आणि १०६६नंतर नॉर्मन लेखनिकांबरोबर ती इंग्लंडात रुजली. रोमन लिपीत हा भेद झाकून जातो. देवनागरीत ‘चेर्डिच’ आणि ‘सेड्रिक’ शेजारी मांडले की तो लपत नाही. ज्या पहिल्या प्रकरणात विदूषक वाम्बा गर्थला समजावून सांगतो की जनावर जिवंत असेतो सॅक्सन नावाने ओळखले जाते आणि ताटात पडले की त्याला नॉर्मन नाव मिळते, त्याच प्रकरणात त्या दोघांच्या धन्याचे नाव प्रत्येक वाचक नॉर्मन रीतीने उच्चारीत असतो. वाम्बाचा विनोद त्याच्या धन्यालाही लागू पडतो, हे स्कॉटच्या ध्यानात आले असते तर त्याला ते आवडलेच असते.

या सर्वांस ‘स्कॉटची चूक’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. ‘नॉर्मन विजया’चा इतिहासकार एडवर्ड फ्रीमन याने तर रिचर्डच्या काळापर्यंत सॅक्सन-नॉर्मन वैर टिकून होते या कादंबरीच्या मूळ कल्पनेवरच आक्षेप घेतला होता. इतिहास म्हणून तो आक्षेप रास्तच आहे. परंतु नावांच्या बाबतीत स्कॉटची वृत्ती काय होती, हे १८३०च्या आवृत्तीस त्याने जोडलेल्या प्रस्तावनेवरून कळते. ‘आयव्हॅन्हो’ हे नाव त्याने एका जुन्या लोकपद्यातून उचलले. बकिंगहॅमशायरमधील त्या गावाचे रूढ नाव ‘आयव्हिंगहो’ असे आहे. ‘फ्राँ-द-बफ’ हे नाव एका जुन्या हस्तलिखितातील सरदारांच्या यादीत त्याला सापडले. या दोन्ही नावांचा खुलासा तो आनंदाने करतो. सेड्रिकविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. कानाला जुने वाटावे आणि जिभेला अवघड वाटू नये, एवढीच त्याची नावाकडून अपेक्षा होती. ‘सेर्डिक’पेक्षा ‘सेड्रिक’ ती अधिक चांगल्या रीतीने पुरी करते. तेव्हा ही चूक असलीच, तर कादंबरीकाराच्या कानाने पसंत केलेली चूक आहे.

आता लोकप्रियतेचा प्रश्न. ‘आयव्हॅन्हो’चा वाचकवर्ग अफाट होता, तरी पुढील साठ-पासष्ट वर्षांत मुलाचे नाव सेड्रिक ठेवणारे आईबाप तुरळकच होते. कारण उघड आहे. स्कॉटचा सेड्रिक साठीकडे झुकलेला, तापट, आपल्या पुत्राला घराबाहेर काढणारा बाप आहे. बारशाच्या वेळी समोर असते ते मूल. त्याला अशा म्हाताऱ्याचे नाव कोण देणार? कथेचा नायक विल्फ्रेड हाताशी होता आणि त्याच्या नावामागे सातव्या शतकातील एका संताची पुण्याईही होती. ‘सेड्रिक’ला लोकव्यवहारात प्रवेश मिळण्यापूर्वी ते एकदा बालकाचे नाव व्हावे लागणार होते.

ते कार्य फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेने केले. तिची ‘लिट्ल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कथा ‘सेंट निकोलस’ या अमेरिकन बालमासिकात नोव्हेंबर १८८५पासून क्रमशः आली आणि १८८६मध्ये पुस्तकरूपाने निघाली. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला सेड्रिक एरल हा सात वर्षांचा मुलगा इंग्लंडातील आपल्या उमराव आजोबांचा वारस ठरतो आणि निव्वळ सरळ स्वभावाने त्या कठोर वृद्धाचे मन पालटतो. लेखिका मँचेस्टरमध्ये जन्मून कोवळ्या वयात अमेरिकेस गेलेली. लोकशाही आणि उमरावशाही या दोहोंना एकाच बालकाच्या अंगी नांदविण्याची तिची हौस समजण्यासारखी आहे. कथेत भाबडेपणा पुष्कळ आहे, पण म्हाताऱ्या उमरावाचे चित्र कसदार उतरले आहे. १८८८मध्ये तिचे नाट्यरूप रंगभूमीवर आले, १९२१च्या चित्रपटात मेरी पिकफर्डने सेड्रिक आणि त्याची आई या दोन्ही भूमिका केल्या, आणि काळा मखमली पोशाख व जाळीची कॉलर यांची साथ पसरली. चित्रकार सेड्रिक मॉरिस १८८९चा, नट सेड्रिक हार्डविक १८९३चा. प्रसिद्ध सेड्रिकांची पहिली पिढी पुस्तकाच्या पाठोपाठ जन्मलेली आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ‘कराटिकोस’चा मूळ अर्थ ‘प्रिय’, ‘लाडका’ असा सांगतात. लेखिकेला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तो अर्थ सरदारापेक्षा तिच्या बालकालाच शोभतो.

मात्र ज्याने नाव वाढविले त्यानेच ते बुडविले. मखमलीत कोंबले गेलेले मुलगे मोठे झाले आणि फॉन्टलरॉय हा थट्टेचा विषय बनला. इंग्लंडात या नावाचा भर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ओसरला. जिथे ही थट्टा पोचली नव्हती तिथे ते पुन्हा फुलले : फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात, आणि अमेरिकेत विशेषतः कृष्णवर्णीय समाजात. मुंबई, वसई व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांतही ते ऐकू येते. फ्रेंच मुखात ‘स’कार स्वगृही परतला, एवढेच.

इंग्लंडातील थट्टेला वाङ्मयीन रूप मिळाले ते नॅन्सी मिटफर्डच्या ‘लव्ह इन ए कोल्ड क्लायमेट’ (१९४९) या कादंबरीत. लॉर्ड माँटडोर यांना पुत्र नाही. वारस म्हणून दूरच्या नोव्हा स्कोशियातील एक आप्त येणार आहे. रांगड्या वसाहतवाल्याची सर्वांना धास्ती. प्रत्यक्षात येतो तो नटवा, सुगंधी, सौंदर्यलोलुप सेड्रिक हॅम्प्टन, आणि बघता बघता तो त्या घराला, विशेषतः दर्पोद्धत लेडी माँटडोरला, आपलेसे करून टाकतो. समुद्रापलीकडून आलेला वारस आणि त्याच्यापुढे विरघळणारा उमरावी ताठा : आराखडा फॉन्टलरॉयचाच आहे, केवळ निरागसतेच्या जागी रसिकता आली आहे. समलिंगी वृत्तीच्या या पात्राला लेखिकेने शिक्षा न करता सुखी ठेवले, हे १९४९ साली धाडसाचे होते.

तिन्ही कादंबऱ्या एकापुढे एक ठेवल्या म्हणजे नावापलीकडचे एक साम्य नजरेत भरते. तिन्हींच्या मुळाशी विवाहापायी तुटलेले अपत्य आहे. रोवेनावर प्रेम केल्याबद्दल विल्फ्रेडला बाप घराबाहेर काढतो; अमेरिकन मुलीशी लग्न केल्याबद्दल उमराव आपल्या धाकट्या पुत्राशी संबंध तोडतो; नको त्या पुरुषाशी लग्न केल्याबद्दल पॉली वारशाला मुकते. पहिल्या कथेत सेड्रिक हा वारसा नाकारणारा बाप आहे, दुसऱ्या कथेत नाकारल्या गेलेल्याचा मुलगा, आणि तिसऱ्या कथेत नाकारलेल्या वारशाचा धनी. मिटफर्डने हा धागा जाणून विणला की तो तिच्या हाती आपोआप आला, हा प्रश्न गौण आहे. रॉदरवुडच्या सेड्रिकने जे दार पुत्रासाठी लावून घेतले होते, त्याच दारातून सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याचा नामधारी हॅम्प्टन प्रासादात प्रवेश करतो. आणि त्याला सामोरे जाण्यासाठी त्या घराण्याचे लोक तीन पावलांच्या पुष्कळ पलीकडे येतात.