पासवर्ड सांगणाऱ्या मुलाची गोष्ट

रिचर्ड स्टॉलमन हे काही कथाकार नव्हेत. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे ते प्रवर्तक. पण फेब्रुवारी १९९७मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात त्यांची ‘द राइट टु रीड’ नावाची एक छोटी कथा आली. कॉलेजची पुस्तकं कागदावरून पडद्यावर जात असताना ती पुन्हा वाचायला हवी.

कथेतला काळ २०४७चा. डॅन कॉलेजात शिकतो. त्याची मैत्रीण लिसा हिचा संगणक बिघडलाय आणि दुसरा मिळाला नाही तर ती नापास होणार आहे. ती डॅनकडे त्याचा संगणक मागते. अडचण अशी की, संगणक दिला तर ती त्यातली पुस्तकंही वाचेल आणि आपलं पुस्तक दुसऱ्याला वाचू देण्याची शिक्षा तुरुंगवास आहे. डॅन बराच विचार करतो. शेवटी तो संगणक तर देतोच, शिवाय पासवर्डही सांगतो, म्हणजे नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला वाटावं की तोच वाचतोय.

कथा म्हणून ती कच्ची आहे. लिसाला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्व फारसं नाही. मधेच लेखक डॅनला बाजूला सारून आपल्याला कायदे समजावून सांगू लागतो. तरीही कथा लक्षात राहते ती तिच्यातल्या पेचामुळे. स्टॉलमन यांनी क्रांती किंवा युद्ध निवडलं नाही. मैत्रिणीला पुस्तक द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न ठेवला.

लेखकाचा अंदाज चुकला तो एका जागी. कथेत बंधन पोलिसांच्या रूपात येतं. प्रत्यक्षात ते स्वस्ताईच्या आणि सोयीच्या रूपात आलं. जुलै २०१९मध्ये पिअर्सनने अमेरिकेतली आपली सुमारे १,५०० पाठ्यपुस्तकं यापुढे ‘आधी डिजिटल’ असतील असं जाहीर केलं. छापील पुस्तकापेक्षा किंमत बरीच कमी. त्यात वाईट काय? २०२२मध्ये याच कंपनीच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितलं की, छापील पुस्तक सात-सात वेळा विकलं जायचं आणि प्रकाशकाला पैसे मिळायचे फक्त पहिल्या विक्रीचे. म्हणजे ज्याला आपण सीनिअरची पुस्तकं म्हणतो, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जी अर्ध्या किमतीत शोधतो, ती प्रकाशकाच्या हिशेबात गळती आहे. परवान्यावर मिळालेलं पुस्तक विकता येत नाही, ज्युनिअरला देताही येत नाही. तुरुंगाची गरजच उरत नाही.

पुस्तक परत घेणंही सोपं झालं. २००९मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले, पण त्यात एका विद्यार्थ्याने केलेली टिपणं निरुपयोगी झाली. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली.

आपल्याकडे हा झगडा झेरॉक्सच्या दुकानात झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२मध्ये खटला भरला. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकण्या-शिकवण्यासाठी प्रती काढायला आपल्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. पण ही सूट वापरायला पान हातात असावं लागतं. ॲपच्या आत, स्क्रीनशॉटलाही बंदी असलेलं पान झेरॉक्सवाल्याकडे नेणार कसं?

याचा अर्थ कागदाला कवटाळून बसावं असा नाही. अंध विद्यार्थ्यासाठी नीट बनवलेलं ई-पुस्तक ही मोठीच सोय आहे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने २०१२पासून भौतिकशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांची पाठ्यपुस्तकं फुकट दिली आहेत. ती डाउनलोड करा, छापा, पुढे पाठवा, चालतं. ती पडद्यावरच आहेत, तरी देता येतात. म्हणजे पुस्तक देता येणार की नाही, हे पडद्यामुळे ठरत नाही, परवान्यात काय लिहिलंय त्यावर ठरतं. कॉलेज एखादं ई-पाठ्यपुस्तक लावतं तेव्हा किंमत किती, हे आपण विचारतोच. वर्ष संपल्यावर ते माझ्याकडे राहील का आणि मी ते दुसऱ्याला देऊ शकेन का, हेही तेव्हाच विचारायला हवं. फी भरल्यावर विचारून उपयोग नाही.

स्टॉलमन यांची कथा इंटरनेटवर मोफत आहे. शब्द न बदलता, लेखकाच्या नावासह तिची प्रत वाटायला त्यांनीच परवानगी दिली आहे. वाचून झाली की मैत्रिणीला पाठवा. पासवर्ड सांगावा लागणार नाही.