उलथनं

या स्कीचं नाव स्पॅच्युला, म्हणजे आपलं उलथनं. 2002 साली व्होलांट कंपनीनं ती बाजारात आणली. तिची कल्पना शेन मॅकॉन्की या अमेरिकेत राहणाऱ्या स्कीपटूची. लांब, पसरट, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना वर उचललेली ही फळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती स्की वाटलीच नाही. आता मात्र ती एखाद्या घट्ट विणीच्या कवितेसारखी वाचावीशी वाटते, कारण तिच्यात एकही रेघ उगाच आलेली नाही. भुसभुशीत बर्फासाठी रुंद आणि हलकी स्की निवडायची असेल, तर आधी ही वाचावी. पुढच्या सगळ्या स्कींचं व्याकरण हिच्यात आहे.

तिनं काय मोडलं ते कळायला नेहमीची स्की डोळ्यांसमोर हवी. ती जमिनीवर ठेवली की मधला भाग किंचित वर राहतो, त्याला कमान म्हणू. आपण उभे राहिलो की कमान दबते आणि वजन दोन्ही टोकांपर्यंत पोचतं. वरून पाहिलं तर टोकं रुंद आणि कंबर बारीक. पाय कलता केला की पोलादी कडेचा तो वक्र बर्फात रुततो आणि स्की आपसूक वळते. कमान आणि कंबर या दोन गोष्टींत टणक, दाबलेल्या बर्फाचं सगळं शहाणपण आहे.

पण रात्रभर पडलेल्या ताज्या, कोरड्या बर्फात ते चालत नाही. त्यात नऊ हिस्से हवा असते आणि जेमतेम एक हिस्सा बर्फ. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात कडा कशात रुतणार? उलट, बारीक कंबर आपल्या वजनानं खाली बुडते, रुंद टोकं बर्फात अडकून भलतीकडे ओढतात, आणि माणूस मागे झुकून टोकं वर ठेवण्यासाठी मांड्या जाळत उतरतो. मी गुलमर्गला पहिल्या वर्षी तसाच उतरलो होतो. भाड्यानं मिळालेली स्की जुनी आणि बारीक होती. मी उतारापेक्षा बर्फाच्या पोटातच जास्त वेळ काढला.

मॅकॉन्कीला दिसलं ते असं, की हा बर्फ जमीन नाही, पाणी आहे. मग पाण्यावर चालणाऱ्या वस्तूंचा आकार घ्यावा. अर्जेंटिनातल्या लास लेन्यास इथल्या एका बारमध्ये कागदी रुमालावर त्यानं या स्कीचं पहिलं चित्र काढलं. पुढे तो अलास्काच्या बर्फाळ कड्यावरून चक्क पाण्यावरच्या स्की घालून उतरला. स्पॅच्युलात त्यानं दोन्ही नियम एकदम उलटे केले. कमान उलटी: मध्य खाली, टोकं होडीच्या नाळेसारखी वर. कंबरही उलटी: पायाखाली 125 मिलिमीटर, सगळ्यात रुंद, आणि तिथून दोन्हीकडे निमुळती. थालीपीठाखाली आपण उलथनं खुपसत नाही, आडवं धरून सरकवत नेतो. ही स्कीसुद्धा बर्फ कापत नाही. ती आडवी सरकते, आणि वेग कमी करायचा तर लोणी पसरावं तशी पसरत जाते. टोकाला अडकायला काही उरलेलंच नसतं.

मला यातलं सर्वांत देखणं वाटतं ते त्यातलं सोडून देणं. टणक बर्फावर ही स्की कुचकामी आहे, हे बनवणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. तरी त्यानं थोडी कमान, थोडी कंबर ठेवून सगळ्यांना खूश केलं नाही. एकाच ऋतूसाठी, एकाच प्रकारच्या बर्फासाठी लिहिलेली ही ओळ आहे. मॅकॉन्की 2009 मध्ये इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतात, वयाच्या 39 व्या वर्षी, स्कीवरून कड्याबाहेर झेप घेण्याच्या प्रयत्नात गेला. त्यानं उचललेली ती टोकं आज जवळपास प्रत्येक रुंद स्कीला आहेत.

रुंदी त्याच्याही आधी आली होती. ऑस्ट्रियाच्या ॲटॉमिक कंपनीतल्या रूपर्ट ह्यूबर यांनी एक स्नोबोर्ड उभा चिरून दोन पायांना वाटून दिला, त्यातून ती वाट निघाली. हलकेपणाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि निवड करताना माणसं फसतात ती इथेच.

हलकेपणा येतो गाभ्यातून. ॲश लाकूड घट्ट आणि जड, पॉप्लर मध्यम, आणि पॉलोनिया इतकं हलकं की फळी उचलताना हात अंदाज चुकून वर जातो. हेच झाड जपानात किरी म्हणून ओळखलं जातं. कोतो हे तंतुवाद्य आणि किमोनो ठेवायच्या पेट्या त्याच्याच. सैबेरियाची थंड हवा समुद्रावरून ओल उचलून होक्काइडोवर जो बर्फ टाकते, त्या कापसात उतरायच्या कित्येक स्कींच्या पोटात हे लाकूड असतं, ही जुळणी मला फार आवडते. त्याला ताठपणा द्यायला कार्बनचे धागे. साधारण 184 सेंटिमीटर लांब आणि 120 मिलिमीटर रुंद अशी एक स्की 1800 ग्रॅमच्या आत असेल तर ती हलकी. 2200 च्या पुढे गेली तर जड.

हे चारशे ग्रॅम कुठे जाणवतात? स्कीखाली पट्ट्या चिकटवून तीन तास डोंगर चढताना, प्रत्येक पावलाला. आणि दुपारी, शंभर जणांनी तुडवलेल्या, ढेकळं झालेल्या उतारावर, तेव्हा उलट्या अर्थानं: हलकी स्की प्रत्येक ढेकळावर दचकते, जड स्की ते गिळून पुढे जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की स्वतःच्या पायांनी चढणार असाल तरच हलकेपणासाठी पैसे मोजावेत. रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसून वर जाणाऱ्यानं दोनशे ग्रॅम जास्त खुशाल घ्यावेत.

दुकानात आकडे वाचण्याआधी दोन्ही स्की तळाला तळ लावून धराव्यात आणि फटीतून उजेडाकडे बघावं. टोकं किती आधीपासून एकमेकींपासून दूर होतात आणि पायाखाली उजेडाची रेघ राहते का, एवढ्यात निम्मी स्की वाचून होते. ख्रिस बेंचेटलर या स्कीपटूच्या ॲटॉमिक बेंट चेटलर 120 मध्ये ती रेघ दिसते. पायाखाली कमान परत आली आहे, कारण गाडीपर्यंत जाणारी वाट शेवटी टणकच असते. मात्र टोकांच्या कडासुद्धा दोन्ही बाजूंनी वर वळवल्या आहेत, पसरट होडीच्या तळासारख्या. वरचं चित्र बेंचेटलर स्वतः काढतो. मॅकॉन्कीच्या हट्टापुढे ही तडजोड आहे, पण समजून केलेली. टोकं वर असल्यानं टणक बर्फाला टेकणारी लांबी कमी होते, म्हणून अशी स्की नेहमीपेक्षा एक माप लांब घ्यावी.

दुसऱ्या वर्षी गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर, रज्जुमार्गाच्या वरच्या स्थानकावर, चार हजार मीटरच्या जरा खाली, माझ्या पायात अशी 120 ची जोडी होती. तिसऱ्या वळणावर पडलो आणि डावी स्की निघून गेली. इतकी हलकी वस्तू बर्फात सुई होते. मी खाली खाली शोधत राहिलो. सोबतचा काश्मिरी गाइड काही न बोलता वर चढला आणि उजव्या स्कीचं शेपूट उभं खुपसत ओळीनं चाचपू लागला. माणूस घसरत पुढे जातो, सुटलेली स्की बहुतेक वेळा मागेच राहते. पाऊण तासानं ती दोन हातांवर सापडली. त्यानं माझ्या बुटाला लांब केशरी फीत बांधून दिली, तिचं दुसरं टोक स्कीला.

मग खालपर्यंत मी पडलो नाही. गुडघ्यापर्यंत बर्फ होता, आवाज कसलाच नव्हता, आणि दर वळणाला दोन्ही टोकं आधी वर येत होती, पाण्यातून नाळ यावी तशी, मागे बर्फाचा धूर सोडत. मागे वळून पाहिलं तेव्हा उतारावर कापल्याची एकही रेघ नव्हती, फक्त रुंद, उथळ, पुसल्यासारखे पट्टे.