डबा, पुडा आणि वाढणं



मला विषय दिला होता 'वस्तू आणि मूल्य'. या विषयावर मी आयुष्यभर वर्गात बोललो, आजही तासभर सहज बोललो असतो. पण मघाशी चहा घेताना इथल्या एका बचत गटाच्या ताईंनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत ज्वारीची बिस्किटं. म्हणाल्या, "सर, बिस्किटाचं नका सांगू, ते चांगलंच हाय. पाकिटाचं सांगा. उद्या छपाईची ऑर्डर द्यायची हाय, गटाचा सगळा पैसा त्यात जाणार." तर आज आपण एका पाकिटाचीच समीक्षा करू. कवितेची करतात, नाटकाची करतात, मग पाकिटाची का नाही? तेही कुणीतरी रचलेलंच असतं, आणि कविता न वाचणाऱ्या माणसाच्याही हातात ते रोज येतं.

पाकीट हे असं आहे. रंग खाकी, कागदासारखा. तळ रुंद, म्हणून फळीवर उभं राहतं. वरती दाबून बंद करायची झिप, आणि मधोमध पारदर्शक खिडकी, आतलं बिस्किट दिसावं म्हणून. दिसायला देखणं आहे, यात वाद नाही.

आता पाकिटाचं काम काय ते आधी ठरवू. खाऊला तीन शत्रू. पहिला ओल. बिस्किट भट्टीतून निघतं तेव्हा त्यात पाणी फार थोडं असतं, म्हणून ते हवेतली ओल ओढून घेतं आणि सादळतं. दुसरा हवा आणि उजेड. तूप-तेल त्यांच्या संगतीत राहिलं की खवट होतं. सादळलेलं बिस्किट तव्यावर गरम करून थोडंफार सुधारता येतं, खवट झालेलं कशानेच सुधारत नाही. तिसरा धक्का, म्हणजे चुरा. वेफर्सचं पाकीट फुगवलेलं असतं, त्यावर लोक चिडतात की हवा विकतात म्हणून. ती साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. त्यानं तेल खवट होत नाही आणि वेफर्स मोडत नाहीत. आतली चांदीसारखी चकाकी म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. तो ओल, हवा, उजेड तिन्ही अडवतो. तेव्हा कंपनीवाल्यांना सरसकट शिव्या देऊ नका, त्या पाकिटात बरंच डोकं लावलेलं आहे. फक्त ते डोकं पाकीट फोडण्याच्या क्षणापर्यंतच चालतं. फोडल्यानंतर त्याचं काय, याचा विचार त्यात नाही. थरांवर थर चिकटवलेले असल्यानं ते वेगळे होत नाहीत, भंगारवालाही ते घेत नाही. बसस्टँडच्या मागं नालीत बघा, सगळी चांदीच चांदी.

माझ्या लहानपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला. तेव्हा विकतचं बिस्किट म्हणजे हॉटेलातल्या काचेच्या बरणीतलं. हैदराबादकडून आलेल्या चालीनं उस्मानिया बिस्किट, शेजारच्या बरणीत खारी नि टोस्ट. मालक झाकण काढायचा, मोजून दोन बशीत ठेवायचा, झाकण लावायचा. दिवाळीआधी आई रवा, मैदा, तूप, साखर घेऊन मला बेकरीत पाठवायची आणि वर रिकामा पत्र्याचा डबा द्यायची. बेकरीवाला आपल्याच जिनसांची नानकटाई भाजून आपल्याच डब्यात भरून द्यायचा. तेव्हा आधी डबा असायचा, मग खाऊ. आता खाऊ स्वतःचं घर घेऊन येतो आणि जाताना ते आपल्या दारात टाकून जातो.

आमच्या तर्कशास्त्रात एका पंडिताची गोष्ट सांगतात. तुपाचं भांडं घेऊन चालला होता, वाटेत शंका आली: भांड्याला तुपाचा आधार, की तुपाला भांड्याचा? प्रयोग म्हणून भांडं उलटं केलं. तूप गेलं, ज्ञान मिळालं. वर्गात या गोष्टीवर मुलं हसायची, मीही हसायचो. पण दुकानात गेल्यावर मला वाटतं, हल्ली तुपालाच भांड्याचा नाही तर भांड्याला तुपाचा आधार झालाय. पाकीट विकायचं म्हणून आत काहीतरी घालतात.

1950 साली मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं वस्तू म्हणजे काय यावर एक व्याख्यान दिलं आणि उदाहरण घेतलं सुरईचं. त्याचं जड गाठोडं आज सोडत नाही. मुद्दा एवढाच की सुरई धरून ठेवते ती मातीनं नाही, आतल्या पोकळीनं, आणि ते धरून ठेवणं शेवटी ओतण्यासाठी, कुणाला तरी देण्यासाठी असतं. आपल्या भाषेत यासाठी 'वाढणं' हा शब्द आहे. पोरगं वाढतं आणि आई ताटात वाढते, दोन्हीला एकच क्रियापद. साठवणं आणि वाढणं ही भांड्याची दोन कामं. बरणीला दोन्ही येतात. पाकिटाला पहिलं उत्तम येतं, दुसरं येतच नाही. पाहुण्यापुढं कुणी पाकीट धरत नाही, बशी शोधावी लागते. आणि पाच रुपयांचं पाकीट तर रचलेलंच असतं एकट्यानं खायला. चार पोरांत एक पाकीट फुटलं की भांडणच होतं.

पार्ले-जीचा पुडा मात्र याला बराचसा अपवाद. मुंबईच्या विलेपार्ल्यातली ही कंपनी 1929 ची, बिस्किटं करू लागली 1939 पासून. आधी नाव होतं पार्ले ग्लुको. पुढे ग्लुकोज बिस्किटं जो तो काढू लागला, तेव्हा 1980 च्या दशकात नाव पार्ले-जी केलं. पूर्वीचा तो पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मेणकागद आठवा. बिस्किटं एकावर एक रचलेली, त्यामुळे पुडा आडवा फाडला की तोच तबक व्हायचा. मध्ये ठेवायचा, दोन्हीकडून हात यायचे. मेणकागद जाऊन प्लास्टिक आलं, पण रचना तीच राहिली. महागाईत किंमत पाचच ठेवली आणि वजन कमी कमी होत गेलं, ही गोष्ट वेगळी. गरिबाचा आकडा पाच रुपये आहे हे त्यांना ठाऊक, आणि गरीब वजन वाचत नाही हेही.

जुन्याची आठवण काढली म्हणून मी जुन्याचा भक्त आहे असं समजू नका. वर्तमानपत्राच्या पुडीतली गरम भजी मी आयुष्यभर खाल्ली. ती छपाईची शाई पोटात जाते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदी केली ते योग्यच केलं. त्याच वर्षी, 23 मार्चला, महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. किराणा दुकानदाराची पिशवी गेली, कारखान्यात भरून आलेलं वेष्टन राहिलं. पुढं दुकानदारांनाही थोडी सूट मिळाली, पण पहिला दंडुका कुणावर पडला ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता ताईंचं पाकीट. मी रोखठोक बोलणार आहे, राग मानू नका.

हे पाकीट खोटं बोलतं. बाहेरून कागद, आतून प्लास्टिक चिकटवलेलं. नख लावून बघा, मी आत्ताच बघितलं. खाकी रंग बघून शहरातला माणूस समजणार की हे मातीत मिसळेल. मिसळणार नाही. साधं प्लास्टिक निदान आपण प्लास्टिक आहोत हे लपवत नाही. दुसरं, खिडकी. तुमच्या बिस्किटात तूप आहे, आणि तुम्ही उजेडाला खिडकीतून आत बोलावताय. दुकानदार पाकीट कुठं लावणार? पुढं, उन्हाच्या बाजूला, दिसावं म्हणून. तिसरं, बिस्किटं आत नुसती ओतलेली आहेत. डोंगरकड्याहून नांदेडपर्यंत एसटीनं जाईपर्यंत तळाला चुरा होणार, आणि झिपेच्या खाचेत तो बसला की झिपही नीट लागणार नाही. वाढण्याच्या दृष्टीनं हात मनगटापर्यंत आत घालावा लागतो. माझी बोटं संधिवातानं आखडली आहेत, वरची शिवण मला फाटली नाही, शेवटी दातानं फाडली. तुमच्या भागात केळीच्या बागा आहेत. केळीच्या सालीला कधी कात्री लागली का?

लिखाणही बघितलं. पुढं मोठ्या अक्षरात इंग्रजीत 'होममेड', मागं मुंगीएवढ्या अक्षरात बाकी सगळं. कायद्याला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी लागते, पण जोडीला मराठी लिहायला कुणाची मनाई नाही. मग तुमची सासू जे वाचू शकत नाही ते तुम्ही का छापताय? वजनमापाच्या नियमांत 2021 साली बदल झाला, त्याप्रमाणे किलोच्या आतल्या मालावर ग्रॅममागची किंमत छापायची असते. तुमच्या नमुन्यावर ती नाही. ती छापा, आणि बारीक नको, मोठी छापा. तुमचा माल महाग आहे हे कळू द्या, का महाग आहे तेही खाली एका ओळीत लिहा.

ताई, ऑर्डर उद्या देऊ नका. आजच्याच घाण्यातली बिस्किटं तीन ठिकाणी भरा: एक हे पाकीट, एक बिनखिडकीचं साधं पाकीट आत पुठ्ठ्याची पट्टी घालून, आणि एक घरातला पत्र्याचा डबा. तिन्ही दुकानाच्या फळीवर महिनाभर ठेवा. मग डोळे झाकून गटातल्या सगळ्यांनी चाखा, आणि एखाद्या म्हाताऱ्याला उघडायलाही द्या. गावातल्या गिऱ्हाइकाला डबा घेऊन ये, दोन रुपये कमी घेऊ, असं म्हणून बघा. किती जण आणतात ते वहीत लिहा. महिन्यानं मी नांदेडला येणार आहे, तेव्हा ती वही मला दाखवा.