अनोळखी माणसाचे रक्त

सामाजिक धोरणाचा अभ्यास म्हणजे सरकारी योजनांची यादी पाठ करणे, अशी समजूत या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या मुलामुलींची असते. आणि पुष्कळशी क्रमिक पुस्तके ती घट्टच करतात. दारिद्र्य, बेकारी, व्यसनाधीनता अशी प्रकरणे पाडायची आणि प्रत्येकाखाली कारणे व उपाय लिहायचे. एवढ्यावर परीक्षा देता येते. एका घरचे दुःख साऱ्या समाजाचा प्रश्न केव्हा ठरते, हे मात्र त्यातून उमगत नाही. ज्यांना ते जाणून घ्यायचे आहे, त्यांच्या हाती आम्ही रिचर्ड टिटमस यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हे पुस्तक ठेवू.

टिटमस (१९०७–१९७३) यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. विमा कंपनीत बरीच वर्षे नोकरी केलेला हा गृहस्थ १९५० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाज-प्रशासनाचा प्राध्यापक झाला. पुस्तकात त्यांनी एकच प्रश्न धरला आहे : रुग्णाला लागणारे रक्त विकत घ्यावे, की मागून घ्यावे? ब्रिटनमध्ये ते लोक विनामूल्य देत. अमेरिकेत त्याचा मोठा भाग पैसे मोजून मिळवला जाई, आणि विकणारे बहुधा गरीब व बेकार असत. काविळीचे विषाणू रक्तात हमखास ओळखणारी चाचणी त्या काळी नव्हती. तेव्हा देणाऱ्याने आपले दुखणे खरेखरे सांगणे, हाच रुग्णाचा मोठा आधार. ज्याची भाकरी त्या बाटलीवर अवलंबून आहे, तो दुखणे लपवणार. विकतचे रक्त अधिक धोक्याचे, अधिक वाया जाणारे आणि अखेर अधिक महाग, असे टिटमस आकड्यांनिशी मांडतात. सद्‌गुणाची बाजू व्यवहाराच्या वहीत जिंकताना पाहण्याचा आनंद आम्हांला क्वचितच मिळतो!

पुस्तकाच्या नावातील ‘गिफ्ट’ला मराठी शब्द शोधताना आम्ही बराच वेळ अडलो. ‘आहेर’ म्हणावे, तर लग्नघरी आहेराची वही असते आणि परतफेड ठरलेली असते. ‘दान’ म्हणावे, तर देणारा उंचावर आणि घेणारा खाली. टिटमस यांना अभिप्रेत असलेला दाता ज्याला देतो त्याला ओळखत नाही आणि आभाराची वाटही पाहत नाही. आपल्या धर्मग्रामांतील मदतीशी हे ताडून पाहावे. आपण गरजू कुटुंबाचे घर पाहतो, चौकशी करतो, मग देतो. त्यात जिव्हाळा असतो, पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. रक्तपेढीतून मिळालेल्या बाटलीपुढे कुणालाच मान खाली घालावी लागत नाही. आमच्या मते पुस्तकाचे मर्म इथे आहे.

उणीवही दाखवली पाहिजे. देणाऱ्याच्या खरेपणाची टिटमस जेवढी चिंता वाहतात, तेवढी ते रक्त वाटणाऱ्या यंत्रणेच्या खरेपणाची वाहत नाहीत. त्याच ब्रिटनने पुढे हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील विकतच्या रक्तद्रवापासून केलेली औषधे आयात केली. आणि विनामूल्य दिलेल्या रक्तातूनही यकृतदाहाची लागण झाली. २०२४ साली चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा बाधितांचा आकडा तीस हजारांवर आणि मृतांचा तीन हजारांच्या आसपास होता. धोक्याची माहिती लोकांपासून दडवली गेली, असेही अहवाल सांगतो. देणारे खरे बोलले, तरी अधिकारी खरे बोलतीलच असे नाही. हे प्रकरण टिटमस यांच्या पुस्तकाशेजारी ठेवूनच वाचावे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने रक्तविक्रय बंद करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून तो थांबला, निदान कागदावर. पण ‘बदली दाता आणा’ ही मागणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किती घरांनी ऐकली आहे! हा दानाच्या नावाने मागितलेला परतीचा आहेरच. ज्याचे नातलग दूर गावी आहेत, त्याने कुणाला आणायचे? पैसे घेऊन ‘भाऊ’ होणारा माणूस मग दाराशीच भेटतो. अभ्यासाला विषय हवा असेल, तर तो इथे आहे.

१९९७ साली टिटमस यांची कन्या ॲन ओकली आणि जॉन ॲश्टन यांनी पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती काढली. मिळाल्यास तीच घ्यावी. मधले तक्ते कंटाळवाणे आहेत. पहिल्या वाचनात ते ओलांडून पुढे जायला हरकत नाही.