तणसावर बसलेला प्रेक्षक

गेल्या वर्षभरात नाटकावरच्या तीन परिसंवादांना बसलो. तिन्ही ठिकाणी गाडी शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन थांबली: प्रेक्षक येत नाही, अनुदान वाढवा. तिसऱ्या ठिकाणी समारोपाला सांस्कृतिक वैविध्य म्हणून दंडार या पूर्व विदर्भातल्या लोकनाट्याला दहा मिनिटं दिली होती. नाचणाऱ्या पोरांचा घाम वाळायच्या आत आभारप्रदर्शन सुरू झालं. त्या रागातून हा लेख.

पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनी गाजलेली नाटकं नव्या चेहऱ्यांनी परत येतात, मालिकांतल्या नटांवर बुकिंग चालतं. प्रायोगिकवाल्यांची मेहनत खरी आहे, पण दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक चळवळीनंतर ते बहुतेक एकमेकांसाठीच नाटक करताहेत.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मात्र मी जानेवारीतली एक अख्खी रात्र बसलो. धान निघालेल्या बांधीत मंडप, खाली तणस, अंगावर घोंगड्या आणि चादरी. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झालेला; त्याच्याच निमित्तानं रात्री नाटक. रात्री दहानंतर ऑर्गन आणि तबला सुरू झाला. नट वर टांगलेल्या माइकखाली येऊन वाक्य टाकायचा आणि मंडप हुंकार द्यायचा. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर पोर झोपलेलं. दारुड्या नवऱ्याच्या प्रवेशात ती एका हातानं पोराला थोपटत होती, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. पडदा पडला तेव्हा पहाट व्हायला आली होती, आणि मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "एवढ्यातच संपलं का जी?"

भडक असतं ते नाटक, मान्य. पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात दिवाळीपासून होळीपर्यंत हे चालतं. गावातलं मंडळ नाटक कंपन्यांचं केंद्र असलेल्या वडशाला जाऊन कंपनी ठरवतं, गावोगाव तिकिटं विकतं, नफा-तोटा स्वतः सोसतं. 2014 मध्ये न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली होती, तेव्हाही शंकरपटाच्या निमित्तानं होणारी ही नाटकं थांबली नाहीत. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. अभिनंदनाचे लेख आले, पण त्यांच्या रंगभूमीच्या अर्थकारणाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. या रंगभूमीला आपण 'लोककला' म्हणून बाजूला ठेवतो. तिकीट काढून पाहिलं जाणारं, लिहिलेलं, बसवलेलं, अंकांत बांधलेलं नाटक लोककला कसं? ते शेतात होतं म्हणून?

आणि हे फक्त झाडीपट्टीपुरतं नाही. जालन्याच्या शेतकरी पोरांनी 2012 मध्ये 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' उभं केलं, तेव्हा शहरातली नाट्यगृहंसुद्धा भरली. राजकुमार तांगडेंनी लिहिलेल्या त्या नाटकात आपली भाषा आणि आपला राग ऐकायला माणसं आली होती. म्हणजे प्रेक्षक आहे. त्याला नाटक कुठल्या भाषेत आणि कुणाच्या घरातलं हवं आहे, हे विचारायची आपली तयारी नाही.

म्हणून अनुदानाला माझा विरोध नाही, त्याच्या वाटेला आहे. सरकारी पैसा प्रयोगामागे मोजला जातो आणि समिती संहिता-सादरीकरणाला श्रेणी देते. झाडीपट्टीतल्या नटीला ताडपत्रीच्या आडोशाला कपडे बदलावे लागतात, पहाटे रंग पुसून पुढच्या गावाची गाडी धरावी लागते. तिला श्रेणी नको आहे. तिला कडी असलेली खोली हवी, विमा हवा, रात्रीच्या प्रवासाला धड गाडी हवी. वैविध्यासाठी राखलेला पैसा महोत्सवाच्या मांडवात न जाता आधी तिथे जायला हवा. आणि पैसा वाटणाऱ्या समितीत गावच्या मंडळाचा एक तरी माणूस बसवा, ज्यानं थंडीत दारोदार हिंडून नाटकाची तिकिटं खपवली आहेत.