छायाचित्रांवरील शेरे

सरकारी सेवेत फाईलवर शेरा मारण्यात आमची तीसेक वर्षे गेली. 'पाहिले', 'सहमत', 'योग्य' एवढ्या भांडवलावर कोणत्याही भाषेत कारभार चालतो. आणि शेरा मारण्यासाठी फाईल वाचलीच पाहिजे असेही नसते, ही कबुली आता द्यावयास हरकत नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा हाती आला, समानशील मित्र मिळाले, आणि दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जमून रानावनात, शेताशिवारात टिपलेली छायाचित्रे एकमेकांस दाखवण्याचा प्रघात पडला. पाहतो तो येथेही तेच! 'छान', 'अप्रतिम', 'काय प्रकाश आहे!' फरक एवढाच, की खाली सही नसते.

या छंदाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मूळचे गोव्याकडील डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होत. म्हणजे आपली छायाचित्रे चारचौघांपुढे मांडून त्यांचे मत घेणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. नवे आहे ते मत देणाऱ्याचे आळसावलेपण.

हे आळसावलेपण दोन प्रकारचे असते. पहिले सौजन्याचे. आज मी तुमची स्तुती केली, की उद्या तुम्ही माझी करणार, असा हा देवघेवीचा व्यवहार. दुसरे नियमांचे. विषय चौकटीच्या तृतीयांशावर हवा, क्षितिज मध्यभागी नको, कडेला अडथळा नको, असे चार-सहा नियम पाठ केले, की मोजपट्टी लावून कोणाच्याही चित्राचा निकाल देता येतो. पहिला प्रकार गोड आणि दुसरा विद्वत्तापूर्ण वाटतो. पण समोर नेमके काय आहे, हे दोन्हींत पाहिले जात नाही.

याचा प्रत्यय आम्हांस गुंजी येथे आला. खानापूर-लोंढा मार्गावरील हे गाव, तेथील माउली देवीचे स्थान आणि आसपासची भातशेती वाचकांस परिचित आहेच. एका पावसाळ्यात तेथील स्नेह्यांच्या सोप्यावर आम्ही बैठक भरवली. आमचे एक चित्र सर्वांना आवडले. धुके, पाणी भरलेले शेत, आणि घोंगडीची खोळ घेऊन ओळीने वाकलेल्या बायका. खाली आम्ही मोठ्या हौसेने 'लावणी' असे लिहिले होते. कोणी म्हणाले, डावीकडचा विजेचा खांब कापा. कोणी म्हणाले, आकाश थोडे गडद करा. इतक्यात कामानिमित्त आलेले एक वृद्ध शेतकरी डोकावले आणि सहज म्हणाले, "सायेब, ही लावणी न्हवं. भांगलण हाय. हातात खुरपी दिसत्यात न्हवं?"

खुरपी दिसत होती. आम्हां सर्वांना ती दिसत होती आणि एकालाही दिसली नव्हती. त्या संध्याकाळी त्या चित्राची खरी समीक्षा झाली ती तेवढीच.

ही गोष्ट किरकोळ नव्हे, हे जगातल्या एका गाजलेल्या उदाहरणावरून ध्यानी येईल. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले होते. रचना निर्दोष आणि क्षण अचूक. परंतु स्पेनमधील काही छायाचित्रकारांना तो लांडगा आणि ती जागा ओळखीची वाटली. चौकशीअंती लांडगा बहुधा माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, हेही येथे नमूद केले पाहिजे. सांगावयाचे ते इतकेच, की रचनेने परीक्षकांना जिंकले आणि शंका आली ती जागा ओळखणाऱ्यांना.

पुढे २०१४ साली तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संस्थांनी निसर्गचित्रांची समान व्याख्या स्वीकारली. जाणकारास विषय ओळखता यावा आणि मांडणी प्रामाणिक असल्याची ग्वाही देता यावी, हे तिचे मर्म. चित्रात काही घालू नये, त्यातून काही वगळू नये, हेही तीत आले. आमचे शेताचे चित्र त्या वर्गात बसणारे नव्हे. पण जाणकाराची ही कसोटी त्यालाही लागू पडते. खांब कापला असता, तर गुंजीच्या शिवारात वीज पोचल्याची खूणच पुसली गेली असती.

मग रचनेला अर्थच नाही काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. त्याच बैठकीत एका मित्राने सांगितले, की आम्ही बांधावर उभे राहून वरून चित्र घेतले, म्हणून बायकांचे चेहरे हरवले. बांधाखाली उतरावयास हवे होते. हा शेरा आम्हांस लागला, कारण तो खरा होता. चिखलात उतरण्याचा कंटाळा त्या चित्रात उतरला होता. रचनेवरची टीका अशी पाहण्याच्या वृत्तीपर्यंत पोचली, तर ती मोलाची ठरते.

तेव्हापासून आमच्या बैठकीत आम्ही एक रीत पाडली आहे. चित्र दाखवणाऱ्याने प्रथम गप्प बसायचे. इतरांनी काय दिसते एवढेच सांगायचे. आवडले की नाही, ते नंतर. मग त्याने चित्र कोठे, केव्हा, किती अंतरावरून घेतले, पक्ष्याला घरट्यावरून उठवले काय, हे सांगायचे. आणि शक्य असेल तेव्हा त्या गावचा एक तरी माणूस बैठकीत हवा. त्यामुळे स्तुती कमी झाली. दोघे सभासद येईनासे झाले, याचे वाईट वाटते. पण रीत मोडावी असे वाटत नाही.

आपल्या जुन्या घरांतून सोप्यावर टांगलेल्या तसबिरींमागे नाव-साल लिहिलेले नसते आणि नातवंडांनी विचारले, की आपण निरुत्तर होतो. आजच्या शेतांचे, पायवाटांचे, पाणंदींचे उद्या तेच होणार आहे. आमचे चित्र 'लावणी' म्हणूनच राहिले असते, तर पन्नास वर्षांनी ते खोटी साक्ष देत बसले असते. आणि तोवर भांगलण हा शब्द कोणास ठाऊक असेल, कोणास नसेल. त्या चित्राखालचे नाव आम्ही खोडून दुरुस्त केले आहे. खोडलेला शब्द मात्र वाचता येईल असाच ठेवला आहे.