नीसचं ऊन, उरीची ‘नजर’ आणि तुमचा सिनॉप्सिस

समजा, पुढच्या वर्षी युरोपातल्या एका परिषदेत तुमचा पेपर स्वीकारला गेलाय. परिषद संपल्यावर चार दिवस हातात आहेत आणि तुम्ही ठरवता की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसला जाऊन यायचं. निळा समुद्र, भरपूर ऊन, किनाऱ्यालगत ‘प्रोमनाद दे झांग्ले’ हा लांबलचक रस्ता. तुम्ही फोटो बघता, ‘जायला उत्तम महिने’ शोधता, हॉटेलांचे दर ताडून बघता. या साध्या बेतात समाजशास्त्र कुठे आलं?

पर्यटनावर संशोधन करू इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी इथे एकाच पुस्तकाकडे बोट दाखवतात: जॉन उरी यांचं ‘द टुरिस्ट गेझ’ (1990). सिनॉप्सिसमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, ‘प्रस्तुत संशोधनात उरी यांच्या पर्यटकीय नजरेच्या चौकटीतून अमुक किनाऱ्याचा अभ्यास केला जाईल.’ पहिल्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं. आज या चौकटीची परीक्षा घेऊ या. नीसचा बेत तिच्यासमोर ठेवायचा आणि ती काय उलगडते, कुठे अडते ते बघायचं.

आधी उरी काय म्हणतात ते नीट समजून घ्या. फुको यांनी ‘द बर्थ ऑफ द क्लिनिक’मध्ये डॉक्टरची नजर ही केवळ डोळ्यांची क्रिया नसून संस्थेने घडवलेली गोष्ट आहे असं मांडलं. उरी तिथूनच सुरुवात करतात. पर्यटकही मोकळ्या डोळ्यांनी बघत नाही. काय बघण्यासारखं आहे हे जाहिराती, चित्रपट, मासिकं, फोटो आधीच ठरवून ठेवतात. ही नजर रोजच्या कामाच्या जगाशी असलेल्या फरकावर उभी असते, आणि ती एकच एक नसते. समाज आणि काळ बदलला की तीही बदलते.

आता नीसकडे वळा. आज या शहराचा हंगाम म्हणजे उन्हाळा. पण 18व्या आणि 19व्या शतकात लोक तिथे हिवाळ्यात जायचे. टोबायस स्मॉलेट हा लेखक पेशाने शल्यवैद्य होता. तब्येत बिघडली म्हणून तो 1763 मध्ये इंग्लंड सोडून निघाला, नीसला राहिला, आणि 1766 साली प्रवासवर्णन छापलं. त्यात त्याने तिथल्या हवामानाच्या नोंदीही जोडल्या. त्याच्या पाठोपाठ छातीच्या विकाराने त्रस्त, श्रीमंत इंग्रज येत गेले. किनाऱ्यालगतचा तो रस्ता 1820च्या दशकात इंग्रज रहिवाशांनी जमवलेल्या पैशातून, हातचं काम गेलेल्या स्थानिक गरिबांकडून बांधून घेतला गेला. नावाचा अर्थच ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’. 1860 मध्ये नीस फ्रान्सला जोडलं गेलं, 1864 मध्ये रेल्वे आली. उन्हाळा लागला की पाहुणे निघून जायचे आणि हॉटेलं बंद व्हायची. 2021 मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा म्हटलं तेही ‘रिव्हिएरातलं हिवाळी विश्रांतीचं शहर’ म्हणूनच.

मग 1920च्या दशकात उन्हात त्वचा रापवण्याची फॅशन आली. 1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. हंगाम उलटा झाला. लक्षात घ्या, सूर्य तोच, समुद्र तोच. जानेवारीत दुपारचं तापमान आजही सरासरी 13 अंशांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये 27-28. बदललं ते ‘चांगलं ऊन कोणतं’ याचं उत्तर. इथे उरी शंभर टक्के उपयोगी पडतात. ‘उत्तम महिने’ हा निसर्गाचा नियम नाही, तो इतिहास आहे, हे त्यांच्या चौकटीतून चटकन दिसतं.

जाता जाता आणखी एक गोष्ट. भूमध्य किनाऱ्याच्या जाहिरातींत ‘वर्षाला 300 दिवस ऊन’ हे वाक्य फार भेटतं. संशोधक म्हणून पहिला प्रश्न विचारा: उन्हाचा दिवस म्हणजे काय? दिवसभर ऊन, की तासभर पडलं तरी चालेल? हवामानशास्त्रात ‘सूर्यप्रकाशाचे तास’ मोजतात, आणि त्याला व्याख्या आहे: थेट किरणोत्सर्ग दर चौरस मीटरला 120 वॉटच्या वर असलेला काळ. ‘300 दिवसां’मागे अशी व्याख्या क्वचितच सांगितलेली असते. म्हणजे एक मोजमाप आहे आणि दुसरं मोजमापाच्या वेशातलं आश्वासन. तुमच्या प्रश्नावलीतही अशी आश्वासनं शिरतात, जपून.

आता चौकट अडते ती जागा. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. फोटोत निळाई दिसते, गोटे पायाला कळतात. आणि उन्हासाठी जाणारा माणूस ऊन ‘बघायला’ जात नाही, ते अंगावर घ्यायला जातो. स्मॉलेट फुफ्फुसांसाठी गेला, 1920चे पाहुणे कातडीसाठी. दोघांनाही ‘नजर’ या शब्दात कोंबलं तर त्यांच्यातला फरकच पुसला जातो. सोयले वेइयोला आणि एएवा योकिनेन या फिनिश अभ्यासकांनी 1994 मध्येच हा आक्षेप घेतला होता: पर्यटनाच्या या सिद्धांतांत शरीर कुठे आहे? गंमत म्हणजे उरींना समुद्रस्नानाचा वैद्यकीय इतिहास ठाऊक होता. इंग्लिश किनाऱ्यावरच्या गावांवर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलंय. तरी सिद्धांताचं नाव ठरलं डोळ्यांवरून. योनास लार्सन यांच्यासोबतच्या 2011च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी शरीर आणि कृती यांना जागा दिली. म्हणून तुम्ही 1990ची आवृत्ती उद्धृत करून ‘उरी शरीर विसरले’ असं लिहिलंत, तर व्हायवात अडचणीत याल.

दुसरी अडचण मला जास्त टोचते. तुमच्या बेताकडे परत या. भारतीय पासपोर्टवर नीसला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा, खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा, किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, आणि तुम्ही परत येणार आहात हे पटेल अशी कागदपत्रं. म्हणजे तुम्ही समुद्राकडे बघण्याआधी कुणीतरी तुमच्याकडे बघतं: बँकेचं स्टेटमेंट, फेलोशिपचं पत्र, गाइडची सही. हा बेत आता फक्त इच्छांचा राहत नाही, तो छाननीला जाणारा दस्तऐवज होतो. त्यात ‘पुढचं पुढे बघू’ असं लिहिता येत नाही.

1990च्या पुस्तकातला पर्यटक मात्र वेळ आणि पैसा असला की निघतो. तो बघणारा, बाकीचे बघितले जाणारे. दार्या माओझ यांनी 2006 मध्ये भारतात फिरणाऱ्या इस्रायली तरुणांच्या अभ्यासातून ‘परस्पर नजर’ ही कल्पना मांडली: स्थानिक माणूसही पर्यटकाला बघत असतो, तोलत असतो. चौकट त्यामुळे रुंदावली. पण तिथेही नजरानजर होते ती मुक्कामावर. व्हिसाच्या खिडकीतली नजर मुक्कामाच्या आधी असते, आणि ती पर्यटकाला घडवते. उरींच्या ‘मोबिलिटीज’मध्ये (2007) फिरण्याची क्षमता सगळ्यांकडे सारखी नसते हा विचार आहे, पण ‘नजर’ वापरणारे आपले सिनॉप्सिस तिथवर पोचतच नाहीत.

मग उरी सोडायचे का? मुळीच नाही. मी सोडलेले नाहीत. हंगाम का उलटला याची वाट मला त्यांनीच दाखवली. माझं म्हणणं एवढंच, की चौकट म्हणजे साचा नव्हे. नीसच्या जागी तारकर्ली टाकलं, बाकीचं वाक्य तसंच ठेवलं आणि काहीच मोडलं नाही, तर समजा की तुम्ही तारकर्लीकडे अजून पाहिलेलंच नाही.

आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला सिद्धांताचा परिच्छेद काढा. त्याखाली तुमच्या विषयातल्या एका खऱ्या माणसाचा एक दिवस लिहा: तो कुठे गेला, किती पैसे दिले, कुणाची परवानगी लागली, काय दुखलं. मग प्रत्येक गोष्टीसमोर खूण करा, सिद्धांत हे सांगतो की नाही. ज्या ओळींसमोर खूण नाही, त्या पुसू नका. गाइडकडे जाताना आधी त्याच घेऊन जा.